चारही मापं बरोबर, तरी साईट गुण्यात येत नाही

बेळगावच्या आसपास नवीन प्लॉट पडतात तिथे, आणि खानापूर-निपाणीकडच्या गावठाणातही, एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. साईट ३० बाय ४० ची आहे. समोर ३०, मागे ३०, दोन्ही बाजूंना ४०. टेप लावला तर चारही मापं कागदाप्रमाणे. मेस्त्री दोरी बांधतो, पाया खोदतो, जोतं वर येतं. मग फरशी बसवायच्या दिवशी कळतं की भिंतीलगतची शेवटची ओळ एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला अडीच इंच भरते. म्हणजे साईट गुण्यात नाही, तिचे कोपरे काटकोनात नाहीत. दोष कोणाचा यावर वाद होतो तो वेगळाच.

या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: चार बाजू मोजल्या म्हणजे चौकोन ठरला, असं धरून चालणं. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, चौकोनाचं तसं नाही. खाटेच्या चौकटीचे सांधे ढिले झाले की ती एका अंगाला कलते, तरी तिची एकही लाकडी पट्टी लांब किंवा आखूड होत नाही. चौकोन पक्का करायला पाचवं माप लागतं आणि ते म्हणजे कर्ण. कर्ण न घेता केलेली आखणी नशिबावर सोडलेली असते.

आधी आकृती कोणती ते ठरवा

पहिली चूक इथेच होते. "दोन्ही कर्ण सारखे आले की गुण्यात" हे वाक्य सगळ्या मेस्त्रींना पाठ असतं. ते आयताला लागू आहे, आणि तेही समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तरच.

समजा समोर ३० फूट आणि मागे ३४ फूट अशी दोन्ही अंगांनी सारखी रुंदावणारी गोमुखी साईट आहे, बाजू ४०-४०. तिचे दोन्ही कर्ण सारखेच येतात: ५१ फूट २ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). काटकोन मात्र चारांपैकी एकही नाही. समोरचे दोन कोपरे साधारण ९३ अंशांचे, मागचे ८७ चे. इथे कर्ण सारखे आले म्हणून गुण्यात आहे असं समजून पुढे गेलात तर पुढची सगळी बांधणी फसते.

उलटही होतं. साईटच्या एका बाजूचे दोन्ही कोपरे खरोखर काटकोनात आहेत, पण समोरची बाजू तिरकी आहे. तिचे कर्ण सारखे येणं शक्यच नाही. तरी कोणीतरी ते सारखे करायला खुंट्या हलवतो आणि जे दोन कोपरे बरोबर होते तेही घालवतो.

म्हणून टेप लावण्यापूर्वी एवढं बघा. समलंब चौकोनात, म्हणजे दोन बाजू समांतर असलेल्या साईटमध्ये, तिरक्या बाजूच्या दोन टोकांच्या कोनांची बेरीज १८० असते. त्यामुळे तिथे काटकोन आला तर जोडीनेच येतो. एकच काटकोन निघाला तर दोनांतलं एक नक्की: तुमचं माप चुकलं आहे किंवा त्या बाजू समांतरच नाहीत. तीन काटकोन निघाले तर चौथा आपोआप काटकोनच, कारण चारही कोनांची बेरीज ३६०. ती साईट मग आयत आहे, कागदावर काही का लिहिलेलं असेना. समोरासमोरचे दोनच कोन काटकोन असतील तर ती आकृती समलंब नव्हे. रस्त्याच्या वळणावरच्या साईटमध्ये असं क्वचित सापडतं.

आयत असेल तर: ३० बाय ४० चा हिशेब

या मापाचं एक सुख आहे, कर्ण बरोबर ५० फूट येतो. दोन्ही कर्ण ५० आले की विषय संपला. एक ५० फूट ६ इंच आणि दुसरा ४९ फूट ६ इंच आला तर साईट कलली आहे. किती? इथे अंदाज चालवू नका, सूत्र सोपं आहे. दोन कर्णांतला फरक गुणिले दोन कर्णांची बेरीज, भागिले समोरच्या बाजूची चौपट. इथे फरक १ फूट, बेरीज १००, समोरची बाजू ३०. म्हणजे १०० भागिले १२०, सुमारे १० इंच. मागची रेषा समोरच्या मानाने १० इंच एका अंगाला सरकली आहे.

दुरुस्ती अशी करा. समोरच्या दोन खुंट्यांना हात लावू नका. मागच्या दोन्ही खुंट्या मागच्या रेषेतच १०-१० इंच सरकवा, आखूड कर्णाचं मागचं टोक ज्या अंगाला आहे त्या अंगाला. एकच खुंटी सरकवली तर मागची बाजू ३० राहत नाही, आणि ही चूक हमखास होते. नंतर कर्ण पुन्हा मोजा. दोन कर्णांत दोन ते चार सुतांच्या आत फरक राहिला तर पाया खोदायला हरकत नाही. त्याहून बारीक मागे लागू नका, चिऱ्याच्या बांधकामात तेवढं टिकत नाही.

३-४-५ चा नियम (बाजू ३ आणि ४, कर्ण ५ आला की कोपरा काटकोनात) सगळ्यांना माहीत असतो, पण तो फार लहान मापात वापरला जातो. ३ फूट, ४ फूट, ५ फूट घेऊन कोपरा काढला आणि कर्णात फक्त २ सुतांची चूक झाली, तर ४० फुटांवर रेषा सव्वाचार इंच बाहेर जाते. तेच १२-१६-२० घेतलं तर चूक एका इंचावर येते. पूर्ण ३०-४०-५० घेतलं तर अर्ध्या इंचाच्याही आत. त्रिकोण जेवढा मोठा तेवढा कोपरा खरा. छोट्या त्रिकोणावर समाधान मानायचं असेल तर निदान मोठ्या कर्णाने ताळा घ्या.

दोनच काटकोन असलेली साईट

सीमाभागात अशा साईट भरपूर. शेताचा बांध एका अंगाने तिरका गेलेला असतो आणि तोच प्लॉटच्या एका बाजूची हद्द होतो. उदाहरणाला हा आकार धरा: समोर अ-ब ३० फूट, उजवीकडे तिरकी बाजू ब-क ४१ फूट, मागे क-ड ३९ फूट, डावीकडे ड-अ ४० फूट. काटकोन अ आणि ड या डाव्या कोपऱ्यांत.

आखणीची सुरुवात नेहमी त्या बाजूने करा जिच्या दोन्ही टोकांना काटकोन आहेत, म्हणजे इथे ४० फुटांची डावी बाजू. दर्शनी बाजूने सुरू करायची सवय असते, कारण रस्ता समोर असतो. पण ब पाशी काटकोन नाही, त्यामुळे तिथून काही तपासता येत नाही.

अ आणि ड या खुंट्या पक्क्या करून वर खिळा ठोका. मग दोन टेप घ्या. एका टेपचं शून्य अ च्या खिळ्यावर, दुसऱ्याचं ड च्या खिळ्यावर. पहिल्यावर ३० आणि दुसऱ्यावर ५० जिथे एकत्र येतात तिथे ब. मग ड पासून ३९ आणि अ पासून ५५ फूट १० इंच ३ सूत जिथे जुळतात तिथे क. शेवटी ब-क मोजा, ४१ यायला हवं.

इथे एक बारकावा आहे. ४१ जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. तिरकी बाजू ४० फूट खोल आणि फक्त ९ फूट आडवी सरकते. त्यामुळे क ची खुंटी एक इंच मागे-पुढे असेल तर ब-क मध्ये जवळपास एक इंचाचा फरक दिसतो. पण तीच खुंटी एक इंच उजवी-डावीकडे असेल तर ब-क मध्ये दोन सूतसुद्धा फरक पडत नाही. म्हणून खोलीचा ताळा ब-क ने घ्या, रुंदीचा मात्र ३० आणि ३९ परत मोजूनच.

आता याच चार बाजूंचा क्रम थोडा बदला: समोर ३०, उजवीकडे ३९, मागे ४१, डावीकडे ४०, आणि अ पाशी काटकोन. आकडे तेच. क्षेत्रफळही तेवढंच, १३८० चौरस फूट. पण आता काटकोन एकच उरतो आणि कोणतीच बाजू कोणत्याच बाजूला समांतर नाही. ३९ आणि ४१ ची कागदावर अदलाबदल झाली की घराचा नकाशा बसत नाही, ते यामुळे. खरेदीच्या वेळी कोणतं माप कोणत्या दिशेचं हे चतुःसीमेशी ताडून बघा.

क्षेत्रफळाबद्दल बोललो आहोत तर हेही. समोर-मागची सरासरी गुणिले डावी-उजवीची सरासरी, ही पद्धत सर्रास चालते. वरच्या दोन काटकोनांच्या साईटला तिने ३४.५ गुणिले ४०.५ म्हणजे १३९७ चौरस फूट येतात. खरं क्षेत्र ३४.५ गुणिले ४०, म्हणजे १३८०. सतरा चौरस फूट नुसते हवेतले. ही पद्धत आयत नसलेल्या साईटला नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. त्यामुळे विकणाऱ्याला ती आवडते. दोन काटकोन असतील तर समांतर बाजूंची सरासरी घ्या आणि तिला फक्त काटकोनातल्या बाजूने गुणा. तिरकी बाजू हिशेबात येतच नाही. काटकोन कुठेच नसेल तर एक कर्ण मोजून दोन त्रिकोण करा आणि तीन बाजूंवरून प्रत्येकाचं क्षेत्र काढा. बाजू तशाच ठेवून ब-ड कर्ण ५० ऐवजी ४८ निघाला तर क्षेत्र १३६५ वर उतरतं, आणि बाजूंच्या सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

घर कुठे बसवायचं? आमचं मत स्पष्ट आहे: घर काटकोनातल्या डाव्या बाजूला धरून आयतच बांधा, आणि उजवीकडची पाचर मोकळी सोडा. ती पुढे शून्य, मागे ९ फूट, एकूण १८० चौरस फूट. पार्किंगला ती तोकडी, पण पाण्याची टाकी, धुण्याचा दगड, जिना यांना पुरते. कंपाउंडला समांतर म्हणून घराची भिंत तिरकी घेतली तर मागच्या खोलीचा कोपरा ७७ अंशांचा होतो. मग कपाट, फरशी, सेंट्रिंगच्या प्लाय, सगळ्याला तिरकी काप, आणि दर खोलीत त्याचा खर्च. तिरकी भिंत घ्यावीच लागली तर एकच घ्या आणि ती बाथरूम किंवा जिन्याच्या वाट्याला द्या.

माप बरोबर घेतलं, तरी जुळत नाही

मग टेपकडे आणि जमिनीकडे बघा.

खानापूरकडच्या उतारावर टेप जमिनीलगत धरतात. ४० फुटांत ४ फूट उतार असेल तर उतारावरचे ४० म्हणजे आडवे ३९ फूट ९ इंच ५ सूत. एक बाजू सपाटीवर आणि दुसरी उतारावर मोजली तर हातात आयताच्या नावाखाली समलंब येतो. टेप आडवा ताणा, दहा-दहा फुटांचे टप्पे घ्या आणि प्रत्येक टप्प्याला ओळंबा सोडा. आडवेपणा पाण्याच्या पारदर्शक नळीने बघता येतो, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

कापडी किंवा फायबरचा टेप जुना झाला की ताणतो. दोन टेप वापरणार असाल तर आधी दोन्ही शेजारी ठेवून ५० फुटांवर जुळतात का बघा. काही टेपचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं कडीच्या आत पट्टीवर. त्यात दीड-दोन इंच सहज जातात. उन्हाने स्टीलचा टेप वाढतो ही सबब मात्र सोडा. तापमान १५ अंशांनी वाढलं तरी ५० फुटांत एक सूतही वाढत नाही.

फूट आणि दशांश यांचा घोळ तर रोजचा. इंजिनिअरच्या कागदावर ५५.८७ लिहिलेलं असतं, साईटवर ते ५५ फूट ८ इंच असं वाचलं जातं. खरं माप ५५ फूट १० इंच ३ सूत. दशांश भागाला १२ ने गुणून इंच काढा आणि मेस्त्रीच्या हातात फूट-इंच-सूत असाच कागद द्या. कामावर कानडी आणि मराठी दोन्ही माणसं असतात, आकडे तोंडी सांगू नका.

खुंट्यांचं म्हणाल तर जांभ्या जमिनीत लाकडी खुंटी शिरत नाही, फुटते. १२ एमएमचा लोखंडी गज ठोका. काळ्या जमिनीत उलटी अडचण: पाऊस पडला की माती फुगते आणि खुंटी कलते. तिथे खुंटीभोवती थोडं काँक्रीट टाका. आणि दोन्हीकडे, कोपऱ्याच्या खुंट्या खोदकामात जाणारच. प्रत्येक रेषा कोपऱ्यापुढे तीन फूट वाढवून बाहेर वेगळ्या खुंट्या ठोका, म्हणजे दोरी पुन्हा बांधता येते. खोदून झाल्यावर आणि जोत्याच्या पातळीवर कर्ण परत घ्या. चिऱ्याच्या खडबडीत तोंडावरून माप घेऊ नका, दोरीवरून घ्या. एक कर्ण भिंतीच्या मध्यरेषेवरून आणि दुसरा बाहेरच्या अंगावरून घेतल्याची उदाहरणंही कमी नाहीत.

गुण्याही, म्हणजे काटकोन बघायचं हत्यारही, तपासा. सपाट प्लायवर सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फट पडली तर खरी चूक फटीच्या निम्मी. दोन फुटांच्या गुण्याला अर्ध्या सुताची फट म्हणजे ४० फुटांवर पाच सूत. खोलीच्या कोपऱ्याला चालेल, साईटच्या आखणीला नाही.

भिंती उभ्या राहून गेल्या असतील तर

१० बाय १२ च्या खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंचाच्या आसपास येतो. दोन कर्णांत २ इंच फरक असेल तर १२ फुटांत भिंत दीड इंच कलली आहे. त्यातला अर्धा-पाऊण इंच गिलाव्यात एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा जिरवता येतो. त्याहून जास्त गिलावा चढवला तर तो सुटतो. उरलेलं फरशीत लपवा: भिंतीपासून सुरुवात न करता खोलीच्या मधोमध ६-८-१० ने काटकोनात दोन दोऱ्या मारा, तिथून लाद्या लावत जा, आणि पाचरीसारखा तुकडा पलंग किंवा कपाट येणार त्या भिंतीला न्या. दारासमोर ती पाचर आली की आयुष्यभर डोळ्यांत खुपते. ओट्याचा ग्रॅनाइट कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा काढा, कोपरा ९० चा आहे असं गृहीत धरून दिलेली मापं वाया जातात.

जुन्या टिपणावरून हद्द काढताना

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या मोजणीच्या कागदांवर साखळी आणि आणे दिसतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक आणा २ फूट पाऊण इंचाचा. साखळी गुणिले साखळी म्हणजे थेट एक गुंठा, १०८९ चौरस फूट. नकाशात शेताच्या मधून एक लांब रेषा असते आणि तिच्यापासून हद्दीच्या दगडांपर्यंत काटकोनात काढलेली मापं. म्हणजे सगळं शेत दोन टोकांना काटकोन त्रिकोण आणि मध्ये दोन काटकोनांचे समलंब असं कापलेलं असतं. एका तुकड्याची मापं १२ आणे आणि १ साखळी, मधलं अंतर १ साखळी असेल तर सरासरी १४ आणे, क्षेत्र १४ आणे गुंठा, ९५३ चौरस फूट.

इथे चुकतं ते दोन ठिकाणी. मधलं अंतर मुख्य रेषेवरूनच घ्यायचं असतं, बांधाच्या तिरक्या कडेवरून नाही. आणि काटकोन नजरेने धरला तर ३३ फुटांच्या मापात ५ अंशांच्या चुकीने मापाचा मुख्य रेषेवरचा बिंदू जवळपास ३ फूट सरकतो, पण मापाचा आकडा मात्र दीड इंचच बदलतो, म्हणून ती चूक कोणाला दिसत नाही. टेप हलवून सगळ्यात कमी आकडा कुठे येतो ते बघायची युक्ती याच कारणाने कच्ची आहे. त्यापेक्षा दगडावर दोरीचं टोक धरा, अंतरापेक्षा थोडी लांब दोरी ताणून मुख्य रेषेला दोन ठिकाणी खूण करा, त्या दोन खुणांचा मध्य काढा. काटकोनाचा पाय तिथेच पडतो. दोन्ही खुणांत निदान २० फूट अंतर पडेल एवढी दोरी घ्या. दगड रेषेपासून ३३ फुटांवर असेल तर साडेचौतीस फूट पुरे.